समजून घ्या : आत्या, मावशी, आजी... स्तनाचा कर्करोग रक्ताच्या नात्यातून किती येतो?

घरात एकीला झाला म्हणजे सगळ्यांना होणार का? वडिलांकडच्या नात्याचा संबंध असतो का? जनुकीय चाचणी कुणी करावी आणि आधी कुणाची करावी? मनमाडसारख्या गावातून पुढे कुठे जायचे? वाचा सविस्तर

स्तनाच्या कर्करोगाचे निदान घरातल्या एका बाईला होते, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या तिच्या बहिणींच्या आणि मुलींच्या मनात एकच प्रश्न असतो, ‘आता आपले काय?’ काही घरांत हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारतच नाही. काही घरांत तो इतका मोठा होतो की धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणीही थांबतात. दोन्ही ठिकाणी भीती खरी असते, पण माहिती अपुरी असते.

‘ग्लोबोकॅन’च्या २०२२ च्या अंदाजानुसार, भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांहून अधिक मृत्यू झाले. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. यातले आई-वडिलांकडून आलेल्या जनुकीय बिघाडामुळे होणारे रुग्ण साधारण ५ ते १० टक्के असतात. म्हणजे बहुतेक रुग्णांच्या बाबतीत मुलीबाळींना जनुकीय वारशाची भीती बाळगायचे कारण नसते. पण या ५ ते १० टक्क्यांत जी घरे मोडतात, त्यांच्यासाठी ही माहिती जीव वाचवणारी ठरू शकते.

■ वारशाने येते ते नेमके काय?

पहिली गोष्ट, कर्करोग स्वतः वारशाने येत नाही. येतो तो जनुकातला बिघाड, ज्याला म्युटेशन म्हणतात. या बिघाडामुळे कर्करोग होण्याची शक्यता वाढते. तो होईलच असे नाही.

या विषयात सर्वाधिक ऐकू येणारी नावे म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. अनेकांना वाटते की ही ‘कर्करोगाची जनुके’ आहेत आणि ती काही जणांच्याच अंगात असतात. प्रत्यक्षात ती प्रत्येक माणसात असतात, पुरुषांतही असतात. त्यांचे काम कर्करोग रोखण्याचे आहे. त्यांच्यात बिघाड झाला की हे काम बंद पडते.

■ हे काम समजून घ्यायचे तर...

मनमाडकरांना उदाहरण दूरचे शोधायला नको. रेल्वेमार्ग रोज झिजतो. कुठे रुळाला तडा जातो, कुठे जोड ढिला होतो. गँगमन रुळावरून चालत जाऊन असे दोष हेरतात आणि वेळीच दुरुस्त करतात, म्हणून गाड्या सुखरूप धावतात.

पेशीतल्या डीएनएचेही असेच आहे. त्याला रोज लहानमोठ्या इजा होतात. त्यातली सगळ्यात धोक्याची इजा म्हणजे डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच ठिकाणी तुटणे. ही तूट बिनचूक सांधण्याच्या कामात बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही जनुके महत्त्वाची असतात.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. म्हणजे दुरुस्तीच्या दोन टोळ्या. ज्या व्यक्तीला एक बिघडलेली प्रत मिळते, तिच्या पेशींत जन्मापासून एकच टोळी कामावर असते. तेवढ्यावरही काम भागते. पण आयुष्यात कधीतरी स्तनाच्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, तर त्या पेशीत दुरुस्ती थांबते, चुका साठत जातात आणि कर्करोगाची वाट मोकळी होते. दोन्ही प्रती चांगल्या असलेल्या व्यक्तीत त्यासाठी एकाच पेशीत दोन्ही टोळ्या गळाव्या लागतात, जे क्वचित घडते. म्हणूनच वारशाने बिघाड आलेल्यांना हा आजार तुलनेने कमी वयात होतो.

■ हे कळले कसे?

एकाच घराण्यात हा आजार पुन्हा पुन्हा दिसतो, हे निरीक्षण जुने आहे. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६६ मध्येच आपल्या पत्नीच्या घराण्यातल्या चार पिढ्यांची अशी नोंद केली होती. पण त्यामागे एखादे विशिष्ट जनुक असेल, हे अनेक शास्त्रज्ञांना बराच काळ पटत नव्हते.

अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी हा समज बदलला. २३ कुटुंबांतल्या १४६ रुग्णांचा अभ्यास करून त्यांच्या चमूने १९९० मध्ये दाखवून दिले की कमी वयात होणाऱ्या कर्करोगाशी संबंधित जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ते जनुक, म्हणजे बीआरसीए-१, प्रत्यक्ष हाती लागले. १३व्या गुणसूत्रावरच्या बीआरसीए-२ चा शोध १९९५ मध्ये लागला.

पुढे या जनुकांवर एका अमेरिकी कंपनीने पेटंट घेतले. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निसर्गतः आढळणाऱ्या जनुकाचे पेटंट घेता येणार नाही, असा निकाल दिला. त्याच्या महिनाभर आधी अभिनेत्री अँजेलिना जोली हिने आपल्यात बीआरसीए-१ चा बिघाड असल्याने दोन्ही स्तन काढून घेतल्याचे जाहीर केले आणि हा विषय जगभरातल्या घरांत पोहोचला.

आज ही दोनच जनुके तपासली जात नाहीत. पीएएलबी-२, टीपी-५३, एटीएम, चेक-२ अशा इतर जनुकांतल्या बिघाडानेही धोका वाढतो. मात्र प्रत्येकाचा धोका सारखा नसतो. एटीएम आणि चेक-२ मधल्या बिघाडाने तो मध्यम वाढतो, तर टीपी-५३ मधल्या बिघाडाने अगदी लहान वयात वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग होऊ शकतात.

■ धोका नेमका किती वाढतो?

भारतीय महिलेला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता साधारण २८ ते २९ जणींमागे एक, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास मानली जाते.

बिघाड असलेल्या सुमारे ९,८०० महिलांचा मागोवा घेणारा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ८० वर्षे वयापर्यंतचा धोका असा :

• बीआरसीए-१ मध्ये बिघाड : स्तनाचा कर्करोग ७२ टक्के, अंडाशयाचा ४४ टक्के
• बीआरसीए-२ मध्ये बिघाड : स्तनाचा कर्करोग ६९ टक्के, अंडाशयाचा १७ टक्के

हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या महिलांचे आहेत, त्यामुळे ते भारतीय महिलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही दोन गोष्टी स्पष्ट होतात. धोका कैक पटींनी वाढतो, ही एक. आणि बिघाड असूनही काही महिलांना हा कर्करोग कधीच होत नाही, ही दुसरी.

■ ‘माझ्या आईकडे कुणाला नाही’ एवढे पुरेसे आहे का?

नाही. इथेच सर्वाधिक गफलत होते. स्तनाचा कर्करोग म्हणजे बायकांचा आजार, तेव्हा तो आईकडूनच येणार, असे अनेकजण धरून चालतात. पण बीआरसीएचा बिघाड आई किंवा वडील, कुणाकडूनही येऊ शकतो. ज्याच्यात बिघाड आहे त्याच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

वडिलांना स्वतःला काहीच झालेले नसते. त्यांना बहिणी नसल्या, तर दोन-दोन पिढ्या हा बिघाड कुणाच्या लक्षात न येता पुढे सरकतो आणि अचानक नातीमध्ये दिसतो. लोक म्हणतात, ‘आमच्या घरात कुणालाच नव्हता.’

घराण्याचा इतिहास सांगताना मराठी भाषा मात्र मदतीला येते. इंग्रजीत ‘आंटी’ म्हटले की पुढे चार प्रश्न विचारावे लागतात. मराठीत ‘आत्या’ म्हटले की वडिलांची बहीण, ‘मावशी’ म्हटले की आईची. दोघीही रक्ताच्या. ‘काकू’ आणि ‘मामी’ या घरातल्या असल्या, तरी लग्नाने आलेल्या. काकूला झालेला कर्करोग पुतणीच्या जनुकीय धोक्यात मोजला जात नाही. काकूच्या स्वतःच्या मुलांसाठी मात्र तो महत्त्वाचा असतो.

बिघाड असलेल्या व्यक्तीच्या नातेवाइकांत तो असण्याची शक्यता साधारण अशी असते :

• सख्खी भावंडे, मुले, आई-वडील : ५० टक्के (आई-वडिलांपैकी बहुधा एकात तो असतोच)
• भाचे-पुतणे, आत्या, मावशी, काका, मामा : २५ टक्के
• चुलत, आते, मामे, मावस भावंडे : साडेबारा टक्के

■ नात्यातल्या लग्नांचे काय?

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. आजीमध्ये बिघाड असेल, तर तो तिच्या मुलाकडे आणि मुलीकडे, अशा दोघांकडे जाऊ शकतो आणि पुढे त्यांच्या मुलांत लग्न झाले, तर नवरा-बायको दोघांतही तोच बिघाड असू शकतो. बीआरसीए-२ किंवा पीएएलबी-२ च्या दोन्ही प्रती बिघडलेल्या मुलाला फॅन्कोनी अॅनिमिया हा रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. अशा दाम्पत्याच्या प्रत्येक अपत्यात दोन्ही बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून घरात बिघाड सापडला असेल आणि नात्यातच लग्न ठरत असेल, तर आधी जनुकीय सल्ला घेणे शहाणपणाचे.

■ चाचणीचा विचार कुणी करावा?

सरसकट सर्वांनी ही चाचणी करण्याची गरज नाही. पुढीलपैकी काही आपल्याला किंवा रक्ताच्या जवळच्या नात्यात लागू होत असेल, तर डॉक्टरांशी बोलावे :

• ५० वर्षांच्या आत, विशेषतः चाळिशीच्या आत स्तनाचा कर्करोग
• ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारचा स्तनाचा कर्करोग
• दोन्ही स्तनांत वेगवेगळा झालेला कर्करोग
• कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग
• पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग
• एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणांना स्तन, अंडाशय, स्वादुपिंड किंवा प्रोस्टेटचा कर्करोग

भारतात पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयाच्या रुग्ण अधिक दिसतात. त्याचे एक कारण आपली लोकसंख्याच तरुण आहे, हे आहे. त्यामुळे चाळिशीतला प्रत्येक रुग्ण वारशाचाच, असा निष्कर्ष काढू नये.

■ आधी कुणाची चाचणी?

समजा, मनमाडमधल्या एका घरात ४२ वर्षांच्या बाईवर स्तनाच्या कर्करोगाचे उपचार सुरू आहेत. तिची आत्या पोटाच्या कर्करोगाने गेली, एवढेच घरात माहीत आहे. घाबरलेली २० वर्षांची मुलगी म्हणते, ‘माझी चाचणी करा.’

इथे चाचणी आधी आईची व्हायला हवी. ज्या व्यक्तीला कर्करोग झाला आहे, तिच्यात बिघाड सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. आईत तो सापडला, तर मुलीमध्ये नेमकी तीच एक जागा तपासायची असते. ही चाचणी सोपी आणि स्वस्त असते आणि तिचे उत्तर स्पष्ट ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे मिळते. आई न तपासता मुलीचा अहवाल ‘नाही’ आला, तर त्यातून फारसे निष्पन्न होत नाही. घरातला बिघाड तिला मिळाला नाही, की घरात तसा बिघाडच नव्हता, हे कळत नाही.

दुसरा धडा आत्याचा. ‘पोटाचा कर्करोग’ म्हणजे जठराचा, आतड्याचा की अंडाशयाचा? जुन्या फायली, मृत्यूचा दाखला, ऑपरेशनची कागदपत्रे शोधून काढली, तर याचे उत्तर मिळू शकते. ते अंडाशय निघाले, तर सगळे चित्र बदलते. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून कुणाला, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा कर्करोग झाला हे एका कागदावर लिहून ठेवणे, हे फुकटातले पण मोलाचे काम आहे.

■ अहवालात काय लिहिलेले असते?

चाचणीसाठी रक्ताचा किंवा लाळेचा नमुना लागतो. अहवाल तीन प्रकारचा येऊ शकतो.

१. घातक बिघाड सापडला : धोका वाढलेला आहे. पुढचे नियोजन करता येते आणि नातेवाइकांची चाचणी शक्य होते.

२. बिघाड सापडला नाही : घरातला माहीत असलेला बिघाड आपल्यात नसेल, तर धोका साधारणपणे इतर महिलांइतकाच राहतो. घरात बिघाडच सापडलेला नसेल आणि रुग्ण मात्र अनेक असतील, तर इतिहास पाहून काळजी घ्यावी लागते.

३. अर्थ अनिश्चित : जनुकात बदल दिसतो, पण तो घातक आहे की निरुपद्रवी, हे अजून कळलेले नाही. जगातली जनुकीय माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांकडून गोळा झाल्याने भारतीयांत असे अहवाल अधिक येतात. अशा अहवालावरून शस्त्रक्रियेसारखा निर्णय घ्यायचा नसतो. पुढे माहिती वाढली की या बदलाचे वर्गीकरण बदलू शकते.

म्हणूनच चाचणीच्या आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशन आवश्यक मानले जाते. ऑनलाइन मागवता येणाऱ्या काही ‘वंश आणि आरोग्य’ चाचण्या जनुकातल्या मोजक्याच जागा तपासतात. तिथे ‘सर्व ठीक’ आले म्हणून निर्धास्त होऊ नये.

■ बिघाड सापडला, तर पुढे काय?

‘काहीच करता येत नसेल, तर कशाला कळून घ्यायचे?’ हा प्रश्न रास्त आहे. पण करण्यासारखे बरेच असते.

• लक्ष ठेवणे : साधारण २५व्या वर्षापासून डॉक्टरांकडून नियमित तपासणी आणि दरवर्षी स्तनांचा एमआरआय, ३० नंतर मॅमोग्राफीची जोड.
• अंडाशये आणि बीजवाहिन्या काढणे : अंडाशयाचा कर्करोग लवकर पकडणारी खात्रीची चाचणी नाही. म्हणून मुले झाल्यावर, बीआरसीए-१ साठी साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ साठी ४० ते ४५ या वयात ही शस्त्रक्रिया सुचवली जाते.
• स्तन काढण्याची शस्त्रक्रिया : यामुळे धोका ९० टक्क्यांहून अधिक कमी होतो. हा निर्णय पूर्णपणे त्या महिलेचा असतो आणि तो घाईने घ्यायचा नसतो.
• उपचारात फायदा : ज्यांना कर्करोग झालेलाच आहे, त्यांच्यासाठीही अहवाल उपयोगी ठरतो. ओलापॅरिबसारखी ‘पार्प इन्हिबिटर’ औषधे बीआरसीएचा बिघाड असलेल्या कर्करोगावर काम करतात. दुरुस्तीची एक वाट आधीच बंद झालेल्या पेशीची दुसरी वाटही ही औषधे अडवतात.

पुरुषांनीही हे वाचून सोडून देऊ नये. बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या पुरुषांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि स्तनाच्या कर्करोगाचाही. छातीत लागणाऱ्या गाठीकडे पुरुषाने दुर्लक्ष करू नये.

■ मनमाडहून कुठे जायचे?

सुरुवात जवळच्या डॉक्टरांपासून, नंतर नाशिकमधल्या कर्करोगतज्ज्ञांकडून करता येते. नाशिक रोड मनमाडहून रेल्वेने साधारण ७३ किलोमीटरवर आहे. मुंबई सुमारे २६० किलोमीटर. टाटा मेमोरियल केंद्रात कर्करोगाच्या अनुवंशिकतेसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय परळला असून, केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही संशोधन संस्था नवी मुंबईत खारघरला आहे.

जाताना सोबत न्यावे : कर्करोग झालेल्या नातेवाइकांचे बायोप्सी अहवाल, निदानावेळचे वय, दोन्ही बाजूंच्या किमान तीन पिढ्यांची यादी. शक्य असेल, तर रुग्ण असलेली व्यक्तीही सोबत असावी. नमुना देण्याआधी खर्च किती, किती जनुके तपासणार, अहवाल समजावून कोण सांगणार, हे तीन प्रश्न विचारावेत. उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळू शकतो. चाचणीचा खर्च त्यात बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

■ ‘मुलीचे लग्न कसे होणार?’

अनेक घरांत अहवाल दडवला जातो तो या भीतीपोटी. बहिणींनाही सांगितले जात नाही. पण न सांगितल्याने बिघाड जात नाही, फक्त सावध होण्याची संधी जाते. सख्ख्या बहिणीत तो असण्याची शक्यता निम्मी असते आणि तिला वेळीच कळले, तर तिच्या हातात काही वर्षे असतात.

दुसरीकडे, १८ वर्षांखालील मुलींची बीआरसीए चाचणी साधारणपणे केली जात नाही, कारण त्या वयात त्यावर करण्यासारखे काही नसते. मुलगी सज्ञान झाली की चाचणी करायची की नाही, कधी करायची आणि कुणाला सांगायचे, हे तिने ठरवायचे असते. सासरी सांगायचे का, हा प्रश्नही तिचाच.

आणि हा वारसा एकट्या मुलींना मिळत नाही. मुलग्यांनाही तेवढ्याच शक्यतेने मिळतो. तरीही स्थळे पाहताना प्रश्न फक्त मुलीच्या घराण्याला विचारला जातो. विज्ञानात त्याला आधार नाही.

■ उरलेल्या ९० टक्क्यांचे काय?

घराण्यात कुणालाही नसले, तरी स्तनाचा कर्करोग होऊ शकतो आणि बहुतेक वेळा तसाच होतो. म्हणून जनुकांच्या चर्चेत साधी तपासणी मागे पडता कामा नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार, देशात ३० ते ४९ वयोगटातल्या शंभरातल्या एकीचीही कधी स्तनांची तपासणी झालेली नाही.

ही तपासणी महागड्या यंत्रानेच करावी लागते, असेही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत सुमारे दीड लाख महिलांवर केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, त्या गटात पन्नाशी ओलांडलेल्या महिलांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांत मात्र असा फरक दिसला नाही.

न दुखणारी गाठ, स्तनाच्या आकारात किंवा त्वचेत बदल, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव येणे, काखेत गाठ लागणे, यातले काहीही दिसले तर थांबू नये. गाठ दुखत नाही म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहिली जाते आणि नेमका तोच वेळ हातचा जातो. घराण्याचा इतिहास कोरा असला, तरीही.